नव्या कॅरॅव्हॅन ट्रेलरला स्लाइड-आउट कुठली बसवावी?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही अठरा फुटी नवा कॅरॅव्हॅन ट्रेलर बांधून घेताय. एका बाजूला सोफा असलेली, दहा फूट लांब आणि अडीच फूट बाहेर येणारी स्लाइड हवी आहे, म्हणजे गाडी उभी केल्यावर भिंतीतून बाहेर सरकणारी छोटी खोली. तीन कोटेशनं आलीत. एकाने भिंतीतली दोन मोटरची इंपोर्टेड यंत्रणा सांगितली, दुसऱ्याने चॅसिसखालची रॅक-पिनियन (दातेरी दांडा आणि तो सरकवणारं छोटं दातेरी चाक), तिसऱ्याने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी. त्यात अमेरिकन व्हिडिओमध्ये केबलवाली बघितलीत आणि डोकं आणखीच फिरलं. ट्रेलर बहुतेक काळ गगनबावड्याजवळच्या शेतावर उभा राहणार, अधूनमधून घाट उतरून कोकणात जाणार. मग कुठली घ्यायची?

शिरोली एमआयडीसीत आमचं बॉडी बिल्डिंगचं काम आहे. व्हॅनिटी व्हॅन, प्रचाराच्या गाड्या, फिरते दवाखाने आणि हल्ली कॅरॅव्हॅन. स्लाइडची कामं आम्ही स्वतः केली आहेत आणि दुसऱ्यांची बिघडलेली तर त्याहून जास्त उघडून बघितली आहेत. त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो: तुमच्या वापराला चॅसिसखालची रॅक-पिनियनच घ्या, एक मोटर आणि आडवा शाफ्ट असलेली. पण नुसतं नाव ऐकून ऑर्डर देऊ नका, कारण त्याच नावाखाली काहीही विकलं जातं. आतमध्ये काय चालतं ते समजून घेतलंत तर बॉडीवाल्याला चार प्रश्न नीट विचारता येतील.

तीन मीटर लांबीचा खोका पाऊण मीटर बाहेर ढकलायचा, एवढंच काम आहे. सोफा, खिडकी, पॅनेल, वर बसलेली दोन माणसं धरली तरी वजन काही फार नाही, साधी गिअर मोटर ते आरामात ढकलते. त्रास वेगळाच आहे. आजोबांच्या सागवानी कपाटाचा रुंद ड्रॉवर एकाच कोपऱ्याला धरून ओढून बघा. बोटभर बाहेर येतो आणि तिरका होऊन बसतो. मग जितका जोर लावाल तितका जास्त फसतो. स्लाइडचं अगदी तसंच आहे. दोन्ही टोकं एकाच वेळी, एकाच वेगाने सरकली पाहिजेत, शिवाय वरची कड आणि खालची कडही एका रेषेत राहिली पाहिजे. चारही यंत्रणा म्हणजे या एका अडचणीवर काढलेले चार तोडगे आहेत. मोटर किती वॉटची, माल कुठल्या देशाचा, हे नंतरचं. पहिला प्रश्न हाच विचारायचा: दोन्ही बाजू बरोबर कशा ठेवताय?

रॅक-पिनियनमध्ये हे काम एक साधा लोखंडी शाफ्ट करतो. खोलीच्या तळाला दोन दांडे जोडलेले असतात, दोघांना दाते पाडलेले. हे दांडे चॅसिसच्या चॅनेलमधून आडवे जातात. मोटर एका बाजूचा पिनियन फिरवते आणि त्याच पिनियनमधून निघालेला शाफ्ट दुसऱ्या बाजूचा पिनियन फिरवतो. दोन्ही पिनियन एकाच शाफ्टवर चावी (लोखंडी पाचर) ठोकून किंवा पिन मारून बसवलेले असल्यामुळे एक पुढे आणि दुसरा मागे हे होऊच शकत नाही. झालंच तर पिन तुटते किंवा चावी कापली जाते. ती तुटावी म्हणूनच काही ठिकाणी मुद्दाम कमजोर बोल्ट घालतात, म्हणजे दाते वाचतात. दोन्ही बाजूंचा मेळ लोखंड घालतं, त्यात कुठलाही सेन्सर नाही, कार्ड नाही.

आता हे कोल्हापुरात का महत्त्वाचं, तर शिवाजी उद्यमनगरात तुम्ही तुटका पिनियन हातात घेऊन गेलात की मिस्त्री आधी दाते मोजतो, व्हर्नियर लावतो, मोड्यूल (दात्यांचं माप) सांगतो आणि ईएन-८ पोलादाच्या रॉडमधून नवा कापून देतो. कंपनीचा पार्ट नंबर लागत नाही. ज्या गावात लेथ आणि फाउंड्री घराघराला माहीत आहे, तिथे जे दात्यांवर चालतं ते घ्यावं, हा माझा साधा हिशोब आहे.

दोष नाहीत असं नाही. सगळा संसार चॅसिसखाली, म्हणजे चिखल, खडी, पाणी यांचा पहिला मार त्यालाच. गाळपाच्या हंगामात आपल्याकडे पेटवलेल्या पाचटाची काजळी आणि रस्त्यावरची माती मिळून ग्रीसवर असा थर बसतो की दाते दिसतच नाहीत. म्हणून दात्यांना जाड ग्रीस थापू नका. कोरडा स्प्रे मारा आणि मारण्याआधी ब्रशने घासा. बेअरिंगला ग्रीस, दात्यांना नाही. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं केलेलं असतं. दुसरं म्हणजे लोखंड जास्त, त्यामुळे वजन वाढतं. तिसरं, खोलीची जमीन मुख्य जमिनीपेक्षा इंच-दोन इंच वर राहते, पायरी लागते. सोफ्याखाली ती पायरी झाकली जाते, त्यामुळे तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. जमीन सपाट करून देतो असं कुणी म्हटलं तर त्याला नको म्हणा. खोली बाहेर गेल्यावर खाली उतरणारी सपाट जमीन करायची तर उतरते रॅम्प, जादा रोलर आणि त्यांचं अॅडजस्टमेंट आलं. फक्त सोफ्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

आता भिंतीतली यंत्रणा. हिचं सगळ्यात माहीत असलेलं नाव श्विंटेक. अमेरिकेतल्या लिपर्ट कंपनीने २०१० मध्ये ती विकत घेतली. लिपर्टचं मुख्यालय आहे इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला, आणि एल्कहार्ट म्हणजे तिकडच्या आरव्ही, म्हणजे फिरत्या घरांच्या, धंद्याचं इचलकरंजी म्हणा. अमेरिकेत स्लाइड-आउट पहिल्यांदा आणली ती न्यूमार कंपनीने, १९९० मध्ये. पुढे ट्रेलर हलके होत गेले तशी चॅसिसखालच्या लोखंडाची अडचण वाटू लागली आणि भिंतीतली यंत्रणा हलक्या ट्रेलरांत सगळीकडे दिसू लागली. व्हिडिओंत हिला पडणाऱ्या शिव्या याच लोकप्रियतेतून आल्या आहेत. जी वस्तू लाखो ट्रेलरांत आहे तिच्या तक्रारीही लाखांत असणार. शिव्या खाण्यासारखी ती वस्तू नाही, पण ती कुठे बसवायची याचं भान सुटलं की त्रास सुरू होतो.

हिची रचना अशी. खोलीच्या दोन्ही बाजूच्या भिंतींवर वर एक आणि खाली एक अशा अॅल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या असतात. ट्रेलरच्या भिंतीत, जिथून खोली बाहेर पडते त्या चौकटीत, दोन्ही बाजूंना उभे खांब बसवलेले असतात. प्रत्येक खांबात एक मोटर, आणि मोटरने फिरणारा उभा शाफ्ट वरचा व खालचा पिनियन फिरवतो. म्हणजे वर-खालचा मेळ शाफ्टवर झाला. पण डावी आणि उजवी बाजू? त्यांच्यामध्ये लोखंडाचा काहीच संबंध नाही. तो मेळ एक कंट्रोलर घालतो. मोटरच्या फिरण्याचे पल्स (विजेचे ठोके) तो मोजत राहतो आणि जी पुढे पळते तिला आवरतो. टोकाला पोचलं हे त्याला मोटर अडकून थांबली की कळतं. म्हणूनच कंपनीची सूचना असते की बटण मोटरचा आवाज थांबेपर्यंत दाबून ठेवा. आपल्याकडे सवय काय? खोली बाहेर आल्यासारखी वाटली की बोट काढायचं, मग आतून कुणीतरी ओरडतं, मग परत आत, परत थोडी बाहेर. असं चार-पाच वेळा झालं की कंट्रोलरचा हिशोब चुकतो आणि खोली तिरकी व्हायला लागते. उपाय सोपा आहे. पूर्ण बाहेर काढून बटण धरून ठेवायचं, थोडी आत घ्यायची, परत पूर्ण बाहेर, असं काही वेळा केलं की मोटरा परत जुळतात. पण हे माहीत असलेला माणूस त्या वेळी ट्रेलरमध्ये असायला हवा. तुमच्या मातोश्री आणि शेतावरचा गडी हे करत बसणार नाहीत.

हिचे गुण खरे आहेत. वजन कमी, चॅसिसला भोक नाही, खालची टाकी-पाइपांची जागा मोकळी राहते, आणि तिरकी झाली नाही तर चाल अगदी लोण्यासारखी. कपाट किंवा थोडासाच बाहेर येणारा पलंग असेल तर मी स्वतः ती सुचवेन. पण खोलीचं सगळं ओझं भिंतीच्या चौकटीवर येतं. तिकडे ती चौकट अॅल्युमिनियम वेल्ड करून, पॅनेल दाबून, कारखान्यात जिगवर तयार होते. इकडे भिंत जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सेक्शनची, वर एसीपी (अॅल्युमिनियमचं पॅनेल) शीट, मध्ये पफचा फोम. खांबाचे स्क्रू कशात पकडले आहेत हे बॉडीवाल्याला विचारा. उत्तर देताना तो घुटमळला तर समजा, दोन पावसाळ्यांत ते स्क्रू ढिले होणार. वर मोटर किंवा कार्ड गेलं तर पार्ट अमेरिकेहून येईपर्यंत खोली आहे तिथेच. जुलैमध्ये गगनबावड्यात. विचार करा.

याच जातीचा एक देशी प्रकार फिरतो आहे, त्यापासून तर चार हात लांब राहा. दोन बाजूंना दोन मोटर, एक स्विच, आणि मध्ये कंट्रोलर नाहीच. दोन्ही मोटर सारख्याच आहेत, मग सारख्याच फिरतील, असा विश्वास. आमच्या शेडमध्ये अशी एक प्रदर्शनाची गाडी भर पावसात आली होती. पुढची बाजू आत बसलेली, मागची वीतभर बाहेर. मालकाने फटीत ताडपत्री कोंबली होती आणि गाडी तशीच हायवेने आणली होती. फट बाहेरून बघितली तर रबराची पट्टी उलटी वळून आत चिमटली होती. तिच्या वरच्या बाजूला अॅल्युमिनियमचा पिनियन रॅकवर चढला होता आणि पाच-सहा दाते सपाट, चमकणारे. मोटरमध्ये काहीच बिघाड नव्हता. एका बाजूच्या तारेचं थिंबल, म्हणजे टोकाला बसवलेली धातूची टोपी, सैल होतं, तिथे व्होल्टेज कमी मिळत होतं आणि ती बाजू मागे राहत होती. एका सैल थिंबलने सगळी खोली अडकवली. बॉडीवाल्याने केव्हाच हात वर केले होते.

तारेचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण कोटेशनमध्ये तारेची जाडी कधीच लिहिलेली नसते. बॅटरी पुढे कपलिंगजवळ, मोटर मागच्या भागात. तार जाऊन-येऊन सहज बारा मीटर होते. अडकल्यावर किंवा शेवटच्या टप्प्यात मोटरने ३० अँपिअर घेतले आणि तार ४ चौरस मिमीची असली तर दीड व्होल्टच्या वर तारेतच खर्च होतो. बॅटरीवर १२ व्होल्ट, मोटरवर साडेदहा. तीच तार १० चौरस मिमीची घातली तर घट साधारण ०.६ व्होल्टवर येते. फरक काही हजारांचाही नाही, पण मोटर नीट चालते की गुरगुरते हे त्यावर ठरतं. कुठलीही यंत्रणा घेतलीत तरी तांब्याची जाड तार, बॅटरीजवळ फ्यूज किंवा ब्रेकर आणि क्रिंप केलेली (दाबून घट्ट बसवलेली) थिंबल कोटेशनमध्ये लिहून घ्या.

हायड्रॉलिकवर आपल्या लोकांचं प्रेम फार. उसाची ट्रॉली उचलते, जेसीबी चालतो, मग एवढीशी खोली काय! ताकदीत तिला तोड नाही हे मान्यच. अमेरिकेत मोठ्या फिफ्थ-व्हीलमध्ये (पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर), जिथे स्वयंपाकघरासकट भिंतच्या भिंत बाहेर जाते, तिथे बऱ्याचदा हायड्रॉलिकच असते. एकाच पंपावर चार स्लाइड आणि लेव्हलिंगचे जॅक चालतात. पण लोकांना एक गोष्ट माहीत नसते. तेल नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने जातं. दोन बाजूंना दोन सिलिंडर एकाच लाइनवर लावले तर जी बाजू हलकी ती आधी सुटते. म्हणून लिपर्टच्या हायड्रॉलिक स्लाइडमध्येसुद्धा खाली दातेरी दांडे आणि आडवा शाफ्ट असतोच, सिलिंडर फक्त ढकलायचं काम करतो. म्हणजे फिरून आपण रॅक-पिनियनवरच आलो, वर पॉवर पॅक (मोटर आणि पंप), टाकी, व्हॉल्व्ह आणि होजपाइप यांची भर. तुमच्या एका सोफ्यासाठी एवढं सगळं म्हणजे डास मारायला तोफ.

तिसऱ्या कोटेशनवाल्याने दोन सिलिंडर दाखवलेत, शाफ्ट दाखवलेला नाही. त्याला विचारा मेळ कसा घालणार. फ्लो डिव्हायडर म्हणेल, म्हणजे तेल दोन्हीकडे सारखं वाटणारा भाग. डिव्हायडर थोडासा फरक ठेवतोच, आणि तो फरक प्रत्येक फेरीला साचत जातो. टोकाला नेऊन परत जुळवावं लागतं. तेलाची गळती हा दुसरा भाग. सिलिंडरचं सील घासलं की बाहेर थेंब दिसतो तो बरा, निदान कळतं तरी. आतल्या आत पिस्टनवरून तेल सरकायला लागलं तर काहीच दिसत नाही, फक्त प्रवासात खोली हळूहळू बाहेर येऊ लागते. सील बदलणं, होज करून घेणं आपल्याकडे सोपं आहे, शिरोली-गोकुळ शिरगावात माणसं भरपूर. पण त्यासाठी खोली आधी आत आली पाहिजे ना.

केबलची यंत्रणा इथे कुणी मनापासून बनवत असेल तर मला आनंद होईल. तिकडे नॉर्को कंपनीची बाल अॅक्यु-स्लाइड या नावाने ती मिळते. एक मोटर, साखळी आणि त्यातून खोलीच्या चारही कोपऱ्यांना गेलेल्या पोलादी केबली. कल्पना सुंदर आहे. चारही कोपरे एकदम ओढले जातात, त्यामुळे खोली तिरकी व्हायची शक्यता कमी, वजनही कमी. पण केबल ताणली जाते, मग वरचेवर नट फिरवून ताण जुळवावा लागतो, आणि पुलीवर एक-एक धागा तुटत जातो तो आत लपलेला असल्याने दिसत नाही. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत तर त्यावर डोळा ठेवूनच राहावं लागेल. तुमच्या यादीतून काढून टाका.

आता पाणी. खरं सांगायचं तर यंत्रणेपेक्षा मला तुमच्या स्लाइडच्या रबराची जास्त काळजी आहे. गगनबावडा हा जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा भाग, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे पाऊस वरून पडतो तितकाच आडवाही येतो. चांगल्या स्लाइडला दोन प्रकारची रबरं असतात. एक फुगीर, जे खोली पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असताना दाबून बसतं. दुसरं पातळ, जिभेसारखं, जे खोली सरकताना भिंत पुसत जातं. बरेच बॉडीवाले फक्त पहिलं लावतात आणि तेही दरवाज्याचं बीडिंग. पुसणारं रबर नसेल तर छपरावर साचलेलं पाणी खोली आत घेताना तुमच्या सोफ्यावर येणार. जिभेचं टोक प्रत्येक वेळी बाहेरच्या दिशेने वळलेलं आहे का बघायचं. आत घेतल्यावर एखाद्या कोपऱ्यात ते उलटं फिरलं, तर पुढच्या पावसात तिथून ओघळ लागतो.

स्लाइडचं छप्पर बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवून घ्या. सपाट छप्पर मान्य करू नका. वर गुंडाळता येणारा टॉपर, म्हणजे खोलीबरोबर उलगडणारं कापड, बसवलंत तर पालापाचोळा आत येत नाही. पण तुमच्या कड्यावरच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगेल, त्यामुळे खोली बाहेर ठेवून दोन दिवस निघून जाऊ नका. आणि खोलीची जमीन कशाची आहे ते वाकून बघा. साध्या प्लायची कड उघडी ठेवली असेल तर ती पाणी पिते, फुगते, रोलरखाली चुरा होते. अशी एक कड मी अंगठ्याने दाबली तेव्हा नख आत गेलं होतं. वरून मात्र सनमायका एकदम नवा. मरीन प्लाय, सगळ्या कडा सील केलेल्या आणि खालून पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, एवढं मागून घ्या.

चौकटीचं माप हा माझा आवडता विषय आहे, जरा सहन करा. ट्रेलरच्या भिंतीत दहा फुटांचं भोक पाडलं की ती भिंत कमजोर होते. घाटात वळताना, गतिरोधकावर, एक चाक खड्ड्यात गेल्यावर चॅसिस पिळतं आणि चौकट चौकोनाची समांतरभुज होते. यंत्रणा कितीही भारी असू दे, चौकट तिरकी झाली की खोली अडकणार. डिलिव्हरीच्या वेळी टेप घेऊन जा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. मग ट्रेलरच्या एका मागच्या कोपऱ्याखाली जॅक लावून चाक थोडं हलकं करा आणि परत मोजा. दोन्ही कर्णांत दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर चॅसिसला आणखी क्रॉस मेंबर, म्हणजे आडवे लोखंडी आधार, हवेत. बॉडीवाला म्हणेल, साहेब, एवढं कुणी बघत नाही. तुम्ही बघा.

आणि हाताने आत घ्यायची सोय. हा मुद्दा सगळ्यांच्या शेवटी येतो आणि सगळ्यांत आधी यायला हवा. बॅटरी उतरली, मोटर जळाली, रात्र आहे, पाऊस आहे: खोली आत कशी घेणार? रॅक-पिनियनमध्ये शाफ्टच्या टोकाला किंवा मोटरच्या मागे षटकोनी तोंड असतं, त्याला हँडल किंवा ड्रिल मशीन लावून फिरवायचं. त्याआधी मोटरचा ब्रेक सोडावा लागत असेल तर तो कुठे आहे ते बघून ठेवा. भिंतीतल्या यंत्रणेत मोटर सोडवून दोन्ही बाजूंनी एकदम ढकलावं लागतं, म्हणजे किमान दोन-तीन धडधाकट माणसं पाहिजेत, आणि एकाने जास्त जोर लावला की परत तिरकी. हायड्रॉलिकमध्ये पंपाला ड्रिल लावून चालवता येतं, नाहीतर व्हॉल्व्ह सोडून ढकलायचं. कुठलीही असो, पैसे देण्याआधी ते बॉडीवाल्याने नव्हे, तुम्ही स्वतः करून बघायचं. हँडल कुठे ठेवायचं त्याची जागाही ठरवा. माळ्यावर पडलेलं हँडल कामाचं नाही. आणि ते बाहेरून लावायचं असेल तर तिथे पोचता येतं का बघा. आम्हाला एका गाडीत ते तोंड चाकाच्या कमानीमागे सापडलं होतं, हात जातो पण हँडल फिरत नाही.

तपासणीला जाताना चार्जर काढायला लावा, फक्त बॅटरीवर खोली आत-बाहेर करा. आवाज ऐका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असला पाहिजे. मध्येच खोल जात असेल तर तिथे काहीतरी घासतंय. कागदाची पट्टी रबरात दाबून खोली बंद करा आणि ओढा, सहज निघाली तर तिथे दाब नाही. मग पाइपने वरून आणि बाजूने पाणी मारा, खोली बाहेर असताना आणि आत असताना, दोन्ही वेळा, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवून. निदान वीस मिनिटं. शेवटचा हप्ता या पाण्याच्या चाचणीनंतरच, हे करारात घाला.

आराखड्याबद्दल एक विचारतो. खोली आत असताना तुम्ही संडासापर्यंत आणि फ्रिजपर्यंत जाऊ शकता का? तुम्ही पाठवलेल्या चित्रात सोफा आत आला की स्वयंपाकाच्या ओट्याला टेकतो असं मला दिसतंय. म्हणजे वाटेत कुठे थांबलात तर चहासुद्धा खोली बाहेर काढल्याशिवाय होणार नाही, आणि हायवेच्या कडेला ट्रक घासून जात असताना ती बाहेर काढायची नाही. अडीच फूट सोडून दोन फुटांवर या. जागा २५ चौरस फुटांवरून २० वर येईल, पण वाट मोकळी राहील आणि दांड्यांवरचं लटकणारं ओझंही कमी होईल. पाच चौरस फुटांसाठी ट्रेलरभर अडचण करून घेऊ नका.

बंद असताना एकूण रुंदी २.६ मीटरच्या आत हवी, नियमच तसा आहे. रबर, टॉपरचा रोल, खिडकीचं छज्जं हे सगळं धरून मोजा. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, त्यामुळे त्याच्या मंजुरीची कागदपत्रं बॉडीवाल्याकडे आहेत का ते अॅडव्हान्स देण्याआधी बघा. एमएच ०९ ची पाटी लागेपर्यंत तो गोड बोलतो, नंतर तुम्ही आणि आरटीओ. तसंच तुमच्या गाडीच्या कंपनीने किती वजन ओढायला परवानगी दिली आहे ते मॅन्युअलमध्ये बघा आणि स्लाइडसकट तयार ट्रेलर वजनकाट्यावर घाला. स्लाइडचं वजन एकाच बाजूला असतं, म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी दुसऱ्या बाजूला बसवायला सांगा.

शेवटचं तुम्ही विचारलंत की आत्ता स्लाइडशिवाय ट्रेलर घेऊन दोन वर्षांनी स्लाइड बसवता येईल का. माझ्याकडे असा ट्रेलर आणलात तर मी नको म्हणेन. स्लाइडची भिंत आणि त्याखालचं चॅसिस पहिल्यापासून वेगळ्या जाडीचं लागतं. नंतर भिंत कापून जोडकाम केलं की पैसे नव्या स्लाइडपेक्षा जास्त जातात आणि कर्णाचं माप कधीच जमत नाही. पैशांची ओढाताण असेल तर स्लाइड आत्ताच घ्या आणि मागचा टीव्ही, एसी, छतावरचं सोलर हे सगळं नंतरवर ढकला. त्यांना भिंत कापावी लागत नाही.